घड्याळ चुकलं, वाट नाही

प्रश्न : परवाना काढून मी दर हंगामात शिकारीला जातो. माझा हातातला जीपीएस १८ वर्षांचा आहे. कृष्णधवल पडदा, दोन पेन्सिल सेल, बाकी काही नाही. गेल्या हंगामापासून तो भलतीच तारीख दाखवतो, जवळजवळ वीस वर्षं मागची. सूर्यास्ताची वेळही चुकते. जागा मात्र अजून बरोबर दाखवतो! बटणांवरचं रबर सुटायला लागलंय. आत साडेचारशे खुणा साठवलेल्या आहेत. मुलगा म्हणतो, ‘बाबा, फोन असताना वेगळं यंत्र कशाला?’ दुकानदार मोठा टचस्क्रीन गळ्यात मारू बघतोय. काय घेऊ?

उत्तर : आधी त्या तारखेचं बघू, कारण तुमच्या बाबतीत ती गंमत नाही, कायद्याची गोष्ट आहे.

जीपीएसचे उपग्रह वर्ष सांगत नाहीत, आठवड्याचा क्रमांक सांगतात. जुन्या संदेशात हा क्रमांक ० ते १०२३ एवढाच मावतो. १०२४ आठवडे भरले की मोजणी परत शून्यावर येते. १९९९ च्या ऑगस्टमध्ये हे पहिल्यांदा झालं, मग २०१९ च्या एप्रिलमध्ये. मोजणी कुठून धरायची याची आधाराची तारीख प्रत्येक बनवणारा आपापली आत घालून ठेवतो, त्यामुळे एखादं यंत्र नेमकं त्याच दिवशी नाही, तर काही वर्षांनी चुकतं. तुमचं तसंच झालेलं दिसतं. १०२४ आठवडे म्हणजे १९ वर्षं आणि वर साडेसात महिने. हे साडेसात महिनेच घात करतात. तुम्ही १० नोव्हेंबरला रानात बसलेले असता आणि यंत्राच्या लेखी मार्चअखेर चाललेली असते. उत्तर गोलार्धात, विषुववृत्तापासून बऱ्यापैकी वर, या दोन दिवसांच्या सूर्यास्तांत तासाहून जास्त फरक पडतो. शिकारीची वेळ बऱ्याच देशांत सूर्योदय-सूर्यास्ताला बांधलेली असते. यंत्रावर विसंबून चाप ओढलात तर गुन्हा तुमचा, यंत्राचा नाही. जागा बरोबर येते, कारण ती काढायला आठवड्यातली अचूक वेळ लागते, साल लागत नाही. बनवणाऱ्याने सुधारित सॉफ्टवेअर दिलं असेल तर ते घालून बघा. तोवर सूर्यास्त छापील तक्त्यातून घ्या.

आता नवीन यंत्र. मी बंदूक कधी हातात धरली नाही, पण जमीनमोजणीच्या कामात जीपीएस पंचवीस वर्षं धरला आहे, तोही पावसात, धुक्यात आणि हातमोजे घालून. अचूकतेच्या आकड्यांवर मी फार वेळ घालवत नाही. २००० च्या मे महिन्यापर्यंत नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभरेक मीटर इकडेतिकडे. त्या दिवसांत हे काम शिकलेल्या माणसाला आजच्या ‘तीन मीटर की पाच’ या वादाचं हसूच येतं. उघड्यावर आज सगळीच यंत्रं चांगली चालतात. फरक पडतो तो ओल्या दाट पानांखाली आणि कड्याच्या पायथ्याशी. तिथे सिग्नल खडकावर आपटून उशिरा पोचतो आणि खूण सरकते. दोन फ्रीक्वेन्सींवर ऐकणारं यंत्र, ज्याला मल्टी-बँड म्हणतात, तिथे उजवं ठरतं. तुमचं रान तसं असेल तर ते जरूर घ्या. मोकळ्या माळासाठी नाही घेतलं तरी काही बिघडत नाही.

मी खरं बघतो ते बोटं आणि सेल.

टचस्क्रीनचा अनुभव सांगतो. एकदा दरीच्या तोंडाशी उभा होतो, अंधार पडत आलेला, भुरभुर पाऊस. उसन्या घेतलेल्या टचस्क्रीनवर परतीची खूण शोधत होतो. पडद्यावर थेंब पडला की नकाशा सरकायचा. बाहीने पुसला की तो फुगून एका ओढ्यावर जाऊन बसायचा. शेवटी डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि छातीशी वाकून, शर्टाच्या आडोशाने खूण गाठली. बटणांच्या यंत्रात हेच काम मी न बघता, अंगठ्याने करतो. दुकानात जाल तेव्हा स्वतःचे शिकारीचे हातमोजे घेऊन जा, डोळे मिटा आणि एक खूण साठवून दाखवा. दुकानदार हसेल, हसू द्या. बटणांचा टिक-टिक आवाज बंद करता येतो का आणि पडद्याचा उजेड अगदी मंद होतो का, तेही तिथेच बघा. तुमच्या कामात दोन्हीला महत्त्व आहे.

सेलचं म्हणाल तर बदलता येणारे डबल-ए, म्हणजे तुमचे पेन्सिल सेलच, असलेले बरे. साधे अल्कलाइन थंडीत लवकर मान टाकतात, विसरून आत राहिले तर पाझरतात. रिचार्ज न होणारे लिथियम डबल-ए उणे चाळीस अंशांपर्यंत चालतात आणि वजनालाही हलके. मात्र सेलचा प्रकार यंत्राच्या सेटिंगमध्ये बदला, नाहीतर किती चार्ज उरला हे ते खोटंच सांगत राहील.

शिकाऱ्याने आणखी एक बघावं : इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. ते नसेल तर पडद्यावरचा बाण तुम्ही चालत असतानाच खरा असतो. तुम्ही तास-दोन तास एका जागी बसणार, मग काळोखात उठून दिशा शोधणार. उभ्या जागी बाण कुठेही दाखवेल. होकायंत्र असलं तरी सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, आणि बंदुकीच्या नळीशेजारी धरलं तर लोखंड त्याला फसवतं. बंदूक खाली ठेवून चार पावलं बाजूला व्हा, मगच बघा. खूण पुढे टाकण्याची सोयही हवी. जनावर पडलेलं दिसलं, अंतरमापकाने २१० मीटर दाखवले; तर आहात तिथूनच दिशा आणि अंतर देऊन त्या जागेवर खूण टाकायची. मधल्या ओढ्याला वळसा घालेपर्यंत सगळी झुडपं सारखीच दिसू लागतात.

नावच विचाराल तर मी तुमच्यासाठी गार्मिन कंपनीचा जीपीएसमॅप ६५एस निवडेन. मल्टी-बँड, बटणं, डबल-ए सेल, आणि नावातल्या ‘एस’मुळे होकायंत्र व हवेच्या दाबावरचा उंचीमापक. त्याचं दुखणं म्हणजे सेल १६ तासांचे, तोही कंपनीचा आकडा; थंडीत कमीच धरा. जीपीएसमॅप ६७ हा १८० तास चालतो, पण त्याची बॅटरी आतली आहे, रानात बदलता येत नाही. तुमच्यासारखा १८ वर्षं एकच यंत्र वापरणारा माणूस आतल्या बॅटरीच्या यंत्राशी सुखी होईल असं मला वाटत नाही. गार्मिनचाच ईट्रेक्स एसई साधा, कृष्णधवल, दोन डबल-एवर १६८ तासांचा. मात्र उंचीरेषांचा नकाशा यंत्रावर मिळणार नाही. नकाशाविना इतकी वर्षं काढलीत, म्हणून हेही सांगितलं.

मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाही. फोनचा जीपीएस आता चांगला असतो. नकाशे उतरवून तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, दुसरा आधार म्हणून. थंडीत बाहेर काढलेला फोन चाळीस टक्के दाखवतादाखवता बंद पडलेला मी पाहिला आहे.

साडेचारशे खुणा मात्र आजच काढून घ्या, रबर पूर्ण सुटायच्या आत. जुन्या यंत्राला सीरियल केबल असेल तर यूएसबीचा जोड लागेल. जीपीएसबाबेल हे फुकट सॉफ्टवेअर बहुतेक जुन्या यंत्रांशी बोलतं. त्यातून जीपीएक्स, म्हणजे खुणा एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायची, फाइल करा, ती नवीन यंत्र सरळ वाचेल. वहीत बघून हाताने आकडे भरू नका. मी ते केलं आहे. जुन्या यंत्रात अक्षांशाची ३०·५०० मिनिटं होती, नवीन यंत्र मिनिटं-सेकंद मागत होतं, मी ३० मिनिटं ५० सेकंद भरले. ·५०० म्हणजे अर्धं मिनिट, व्हायला हवे होते ३० सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, म्हणजे वीस सेकंदांचे सहाशेवर मीटर. यंत्र म्हणत होतं गाडी इथेच आहे, आणि मी गुडघाभर दलदलीत उभा.

नवीन यंत्र पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी, मोकळ्या आभाळाखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, आणि पहाटे झाडाखाली उभं राहून ती मोजायची वेळ नसते.