'व्हेटरन्स डे'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेत ११ नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या 'व्हेटरन्स डे'साठी 'हुतात्मा दिन' बरोबर की 'दिग्गज दिन', असा प्रश्न आहे. दोन्ही नकोत. 'माजी सैनिक दिन' म्हणा.

हुतात्मा म्हणजे ज्याने प्राण दिले तो. अमेरिकेत त्यांच्यासाठी मे महिन्यातला शेवटचा सोमवार असतो, 'मेमोरियल डे'. ११ नोव्हेंबर हा सैन्यात नोकरी केलेल्या सगळ्यांचा, त्यातही हयात असलेल्यांचा. घोळ होतो तो तारखेमुळे. १९१८ साली याच दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं, आणि ब्रिटनमध्ये हा दिवस युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचाच राहिला. अमेरिकेतही तो आधी 'आर्मिस्टिस डे', म्हणजे युद्धविराम दिन होता. पुढे दुसरं महायुद्ध आणि कोरियाचं युद्ध लढून आलेल्यांना त्या नावात जागा नव्हती, म्हणून १९५४ मध्ये नाव बदललं.

'दिग्गज' हा तर शुद्ध यांत्रिक भाषांतराचा प्रताप. नटाच्या बाबतीत 'व्हेटरन' म्हणजे ज्येष्ठ, मुरलेला, हे खरं. पण सैन्यात या शब्दाचा वयाशी वा पराक्रमाशी संबंध नाही. चार वर्षं नोकरी करून ऐन पंचविशीत बाहेर पडलेली मुलगीही व्हेटरनच. 'निवृत्त'ही मला खटकतो. व्हिएतनामच्या वेळी सक्तीच्या भरतीत दोन वर्षं जाऊन आलेला पोरगा कशातून निवृत्त झाला? अरबीतून आलेला 'माजी' इथे चपखल बसतो: माजी आमदार, माजी विद्यार्थी, तसा माजी सैनिक. वय, पेन्शन कशाचीच अट नाही.

निदान बोलण्यात नाही. भारताच्या सरकारी व्याख्येत मात्र आहे. पेन्शन पदरात पडण्याआधी स्वतःच्या अर्जावरून फौज सोडलेल्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सहसा 'माजी सैनिक' मानत नाही. अमेरिकी कायद्यात तसा माणूस, बदनामीकारक बडतर्फी नसेल तर, व्हेटरन ठरतो. तेव्हा तिकडच्या सोयीसवलतींबद्दल लिहिताना हा फरक एका वाक्यात सांगून टाकावा.

भारताचा माजी सैनिक दिन १४ जानेवारीला असतो. पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ साली त्या दिवशी निवृत्त झाले. ऐन संक्रांतीला येत असल्यामुळे आपल्याकडे तो तिळगुळातच हरवतो. शाळेत छातीला छोटा झेंडा टोचायचे तो ७ डिसेंबरचा ध्वजदिन निराळा, तो निधी गोळा करण्याचा.