हापसा बसला, पण पाण्यात काय आहे ते कोण बघणार?

प्रश्न : ताई, मी सोलापूर जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत काम करते, वय 26. परदेशी फंडिंगमधून आम्ही गावांत बोअर, हापसे, टाक्या अशी कामं करतो. यंदा फंडरने रिपोर्टमध्ये नवीन कॉलम टाकलाय, 'अनपेक्षित परिणाम'. आमचे सर म्हणतात 'काही नाही' लिहून टाक, नाहीतर पुढच्या वर्षीचे पैसे अडकतील. मला ते पटत नाहीये, पण असले परिणाम शोधायचे कसे हेही कळत नाही. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचं खरंच एवढं वाईट होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं ग. आणि 'काही नाही' तर अजिबात लिहू नकोस. तुझं काम पाण्याचं आहे म्हणून पाण्याचीच गोष्ट सांगते, बांगलादेशातली.

तिकडे लोक पूर्वी तळ्याचं, नदीचं पाणी प्यायचे, कॉलरा आणि जुलाबाने लहान मुलं दगावायची. म्हणून 1970 च्या दशकात युनिसेफ आणि तिथल्या सरकारने गावोगावी उथळ बोअर मारून हापसे बसवायला सुरुवात केली. लोकांना ते इतकं आवडलं की पुढे बहुतेकांनी स्वतःच्या खर्चाने अंगणात बोअर घेतले, लाखोंनी. दाराशी स्वच्छ पाणी, बाईला तळ्यावर जायला नको, मोठीच सोय झाली. रिपोर्टमध्ये किती हापसे बसले आणि किती लोकांना सुरक्षित पाणी मिळालं हे आकडे दरवर्षी वाढत गेले. पण सुरक्षित म्हणजे काय, तर जंतू नसलेलं. त्यात आर्सेनिक नावाचं विष आहे का हे कोणी बघितलंच नाही कारण ती टेस्ट तेव्हा नेहमीच्या यादीत नव्हती.

हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते आर्सेनिक हजारो वर्षं लोहाला चिकटून पडलेलं असतं, जमिनीखाली ऑक्सिजन कमी झाला की सुटतं आणि पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही वास नाही चव नाही. पाणी काचेसारखं दिसतं. अंगावर काळे-पांढरे डाग, तळहात-तळपाय खरखरीत होणं हे दिसायलाच कित्येक वर्षं जातात, कॅन्सर तर त्याहून उशिरा. लोकांना वाटायचं महारोग आहे, मुलींची लग्नं अडायची, बायकांना माहेरी पाठवून द्यायचे. आता हे सगळं कुठल्या रिपोर्टच्या कुठल्या कॉलममध्ये येणार होतं सांग.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या पुढच्या तारखांचा. 1983 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. के. सी. साहा यांना पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या पेशंटच्या कातडीवर हे डाग दिसले आणि बोअरचं पाणी हे कारण सापडलं. सीमेपलीकडे जमीन तीच, गाळ तोच. तरी बांगलादेशात पहिली खात्री झाली 1993 मध्ये, चापाई नवाबगंजला. मधे 1992 मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने तिथल्या काही बोअरचं पाणी तपासलं होतं, कितीतरी घटक पाहिले, आर्सेनिक नाही पाहिलं. त्यावरून एका पेशंटने ब्रिटनमध्ये केस केली, ती 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वात वरचं कोर्ट) फेटाळली. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अंदाज आला की साडेबारा कोटींच्या देशात साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना या पाण्याचा धोका आहे.

मग वर्ल्ड बँकेच्या मदतीने तपासणी झाली. जवळपास 50 लाख बोअर तपासले, लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक असेल तर हापशाला लाल रंग, नाहीतर हिरवा. साधारण 14 लाख लाल निघाले. आणि इथे लक्ष दे, कारण हा रंग मारणं हीसुद्धा एक मदतच होती आणि तिचेही परिणाम झाले. काही घरं घाबरून परत तळ्याच्या नाहीतर उघड्या विहिरीच्या पाण्यावर गेली, आणि अभ्यासकांना अशा घरांत बालमृत्यू वाढलेले दिसले. दुसऱ्या एका अभ्यासात उलटं चांगलं दिसलं, आर्सेनिकची भीती कळल्यावर आया बाळांना जास्त महिने अंगावर पाजू लागल्या. दोन्ही गोष्टी कोणी ठरवून केल्या नव्हत्या. म्हणजे अनपेक्षित म्हणजे वाईटच असं नाही, तुझ्या कॉलममध्ये चांगलंही लिही.

नंतर सरकारने खोल बोअर दिले, पाणी चांगलं, पण ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने 2016 मध्ये दाखवलं की त्यातले बरेच गरजेपेक्षा ओळखीवर वाटले गेले, पुढाऱ्याच्या माणसाच्या अंगणात. बोअर मोजले तर तो बोअर यादीत येतोच, शेजारीण तिथून पाणी भरू शकते का ते येत नाही.

म्हणून हापसे चुकीचे होते असं मी म्हणणार नाही, तळ्याचं पाणी पीत राहणं हा काही उपाय नव्हता. चूक झाली ती नंतर न विचारण्यात.

आता तुझं. तू सोलापूरची आहेस, युनिसेफबरोबर देशभर पसरलेला इंडिया मार्क टू हापसा हा सोलापूर पंपावरूनच सुधारलेला आहे, तेव्हा हा विषय तुझ्या घरचाच समज. आपल्याकडे काळा खडक, तिकडचा आर्सेनिकचा प्रकार इथे नाही, पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं वाकतात. प्रोजेक्टचा फॉर्म बाजूला ठेव आणि जे प्रोजेक्टमध्ये नाहीत त्यांच्याकडे आधी जा. हापशावर न येणाऱ्या बायका, शाळेतले मास्तर (मुलांचे दात त्यांना रोज दिसतात), आशाताई. 'फायदा झाला का' असं विचारलंस तर सगळे हो म्हणतील, तुमच्या संस्थेचा माणूस समोर बसलाय ना. त्यापेक्षा आधी पाणी कुठून आणायचात, ती विहीर आता कोण साफ करतं, हापसा आल्यावर काय बंद पडलं, कोणाशी भांडण झालं असं विचार. आणि पाच वर्षांपूर्वीच्या जुन्या कामांवरही एक चक्कर मार, नव्यावर अजून काही दिसणारच नाही.

सरांना सांग की फंडरने कॉलम स्वतःहून दिलाय, तिथे खरं लिहिलं तर पाणी तपासायचे पैसे मागायला कारण मिळतं. फ्लोराइड आणि नायट्रेटची (हे खतं आणि सांडपाण्यातून झिरपतं) टेस्ट लगेच लाव. फक्त रिझल्ट खराब आला तर गावात सांगायच्या आधी दुसरं चांगलं पाणी किती लांब आहे आणि ते कोणाच्या अंगणात आहे हे बघून ठेव, मग एकाच दिवशी दोन्ही सांग.