आधी पॅनेलच्या मागे बघा

वाचकांचे प्रश्न : छोटं विमान, जुनं पॅनेल

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ह्यूस्टनपासून पाऊण तासावर राहतो. दोन वर्षांपूर्वी 1975 सालची सेस्ना 172 एम, चार जणांचं छोटं विमान, घेतली. वर्षाला साठेक तास उडवतो. गॅल्व्हेस्टन, सॅन अँटोनियो, कधी ऑस्टिनला मित्राकडे. सध्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, म्हणजे ढगातून नुसत्या यंत्रांवर उडायच्या परवान्याचा, अभ्यास चालू आहे. पॅनेलमध्ये, म्हणजे पायलटसमोरच्या यंत्रांच्या फळीत, जुने गोल काटे, एक केएक्स 155 रेडिओ आणि जुना ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं यंत्र) आहे. आधीच्या मालकाने 2019 च्या अखेरीस पंखाच्या टोकावरच्या दिव्याच्या जागी बसणारं एडीएस-बी यंत्र लावलंय, विमान कुठे आहे ते आपोआप सांगत राहणारं. आता एका वर्कशॉपने दोन मोठे स्क्रीन, नवा नेव्हिगेटर (वाट दाखवणारं जीपीएस) आणि ऑटोपायलट मिळून 72,000 डॉलरचा अंदाज दिला आहे. विमानच 88,000 ला घेतलं होतं! बायको विचारते, ‘हे नेमकं कशासाठी?’ मला धड सांगता येत नाही. मी इंजिनिअर आहे, थोडं काम स्वतः केलं तर चालेल का? आणि हीच यंत्रं इंटरनेटवर बरीच स्वस्त दिसतात, ती का घेऊ नयेत? – एक वाचक, टेक्सस

उत्तर : वहिनींचा प्रश्न अगदी बरोबर आहे. वर्कशॉपचा अंदाज हातात पडण्याआधीच तो विचारायला हवा होता. मी विचिटामध्ये काम करते. तुमचं विमान ज्या गावात तयार झालं तेच हे गाव. सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि गेली बावीस वर्षं मी असल्याच विमानांच्या पॅनेलमागे डोकं घालून काम करते आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची निम्मी उत्तरं तुमच्याच पत्रात आहेत. वर्षाला साठ तास, तास-दीड तासाचे टप्पे, आणि पुढे ढगातून उडायची तयारी. म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी हव्यात. ढगात विमान सरळ आहे की कलतंय हे खात्रीने सांगणारं होरायझन, आणि धावपट्टीपर्यंत नीट आणून सोडणारं जीपीएस. बाकी सगळं छान आहे, पण ते नंतर.

होरायझनचं आधी सांगते, कारण त्याची मला खरी काळजी वाटते. आत्ता तुमचं होरायझन आणि दिशा दाखवणारं डीजी, दोन्ही एकाच व्हॅक्यूम पंपावर चालत असणार. त्या कोरड्या पंपात ग्राफाइटच्या पातळ पट्ट्या फिरतात. त्यांना वंगण नसतं. झिजत झिजत एक दिवस पट्टी तुटते आणि पंप जागच्या जागी बसतो. आधी आवाज नाही, खूण नाही. पंप बसला तरी होरायझन लगेच आडवं पडत नाही. आतल्या जायरोचा, म्हणजे गरगर फिरणाऱ्या चक्राचा, वेग उतरत जातो तसं ते हळूहळू कलायला लागतं, आणि ढगातला पायलट त्याच्यावर विश्वास ठेवून विमानही कलवत जातो. माणसं यात जिवानिशी गेली आहेत. खर्च कशासाठी, असं वहिनींनी पुन्हा विचारलं तर आधी हे सांगा.

व्हॅक्यूमचं होरायझन काढून इलेक्ट्रॉनिक बसवणं एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामकाने, 2015 मध्ये सोपं केलं, आणि पुढच्याच वर्षी गार्मिन कंपनीचं जी5 हे छोटं स्क्रीनचं यंत्र सर्टिफाइड, म्हणजे मंजुरीनिशी कारखान्यात बनलेल्या, विमानांसाठी आलं. तुमच्या जागी मी दोन जी5 बसवीन, एक होरायझनच्या जागी आणि एक डीजीच्या. विमानाची वीज गेली तरी जी5 ची स्वतःची बॅटरी चार तासांपर्यंत चालते. तेवढ्यात तुम्ही टेक्सस ओलांडून पलीकडे जाल. मग व्हॅक्यूम पंप, नळ्या, फिल्टर सगळं काढून टाकता येतं.

जीपीएसमध्ये तुमचे बरेच पैसे वाचतील. एडीएस-बी आउट तुमच्याकडे आहेच. जानेवारी 2020 पासून ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळांभोवतीच्या तीस नॉटिकल मैलांच्या वर्तुळात ते सक्तीचं झालं, आणि आधीच्या मालकाने ती सोय करून ठेवली. मग ट्रान्सपॉन्डरसकट येणारा महागडा नेव्हिगेटर पुन्हा कशाला? नुसतं गार्मिनचं जीपीएस 175 घ्या. ते ‘वास’ (WAAS) हा जीपीएसची चूक दुरुस्त करणारा उपग्रहाचा सिग्नल घेतं, म्हणजे एलपीव्ही पद्धतीने, जीपीएसवर ठरलेल्या उताराने, धावपट्टीकडे उतरता येतं. वास 2003 मध्ये सुरू झालं आणि आज अमेरिकेत चार हजारांहून जास्त एलपीव्ही अप्रोच, म्हणजे उतरायच्या ठरलेल्या वाटा, आहेत. जिथे दिवे आणि भूभाग चांगला आहे तिथे जमिनीपासून 200 फुटांपर्यंत खाली येता येतं. ज्या छोट्या धावपट्ट्यांवर आयएलएस, म्हणजे उतरताना वाट दाखवणारी जमिनीवरची रेडिओ-यंत्रणा, कधीच बसणार नाही, तिथेही ही सोय आहे. आणि केएक्स 155 ठणठणीत असेल तर अजिबात काढू नका. जीपीएसचा सिग्नल गेला त्या दिवशी व्हीओआर (दिशा दाखवणारी जमिनीवरची रेडिओ-केंद्रं) आणि आयएलएस त्याच रेडिओवर येणार आहेत.

अंदाजपत्रकात एक गोष्ट शोधा : जीएडी 29बी नावाची छोटी डबी. ती नसेल तर जीपीएसची दिशा दुसऱ्या जी5 वर दिसणार नाही. माझ्याकडे आलेल्या दोन-तीन मालकांच्या आधीच्या अंदाजात ती नव्हती आणि नंतर वादावादी झाली. ऑटोपायलट दोन-तीन वर्षांनी घ्या. गार्मिनचा जीएफसी 500 हा ऑटोपायलट विमानाची स्थिती जी5 कडूनच घेतो, म्हणजे आजचा खर्च फुकट जात नाही. वर्कशॉपला फक्त एवढंच सांगा की आता वायरिंग करताना पुढच्या जोडणीसाठी जागा आणि थोडी ढिली वायर ठेवा. हे सगळं तुमच्या 72,000 च्या निम्म्याच्या आत बसायला हवं. नाही बसलं तर दुसऱ्या वर्कशॉपकडून अंदाज घ्या.

आता वायरिंग. याबद्दल मला कोणी विचारत नाही, आणि माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. सही करण्याआधी एका शनिवारी विमानात जा. सीट मागे सरकवा, पाठीवर झोपा, डोकं रडर पेडलच्या मध्ये घाला आणि टॉर्च वर मारा. काय दिसतं ते बघा. गेल्या हिवाळ्यात तुमच्या विमानाच्याच वयाचं एक 172 आमच्याकडे आलं होतं. केव्हाच काढून टाकलेल्या एडीएफची, म्हणजे रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या जुन्या यंत्राची, वायर तशीच होती. लोरानची अँटेना-केबल होती, आणि लोरान ही जुनी रेडिओ-यंत्रणा तर अमेरिकेत 2010 सालीच बंद झाली. कुणीतरी तीन वेळा जोडून वाढवलेली एक पिवळी वायर होती, तिचं दुसरं टोक कुठेच जात नव्हतं. त्या काळच्या पीव्हीसीच्या वायरवर नख मारलं की आवरण भुगा होऊन हातात येत होतं. सगळं काढून टपालाच्या काट्यावर ठेवलं तेव्हा अकरा पौंड भरलं. अशा वायरवर नवीन स्क्रीन जोडणं म्हणजे सडलेल्या वाशांवर नवीन कौलं चढवणं.

म्हणून अंदाजात हे लिहून घ्या : बंद पडलेली सगळी वायर काढणार, नवी वायर टेफझेल या टिकाऊ आवरणाची, अँटेनाची जुनी आरजी-58 केबल बदलून आरजी-400. वायरींचा जुडगा बांधायला प्लॅस्टिकची क्लिप नको, मेणाचा दोरा हवा. क्लिपची कड वर्षानुवर्षं थरथरत वायरचं आवरण कापते. माझी आजी पहाटे गजरे करायची. फुलाचा देठ न दाबता गाठ आवळायची, आणि गजरा रात्रीपर्यंत सुटत नसे. मी दोरा बांधते तेव्हा बोटं तीच गाठ मारतात, दर दीड इंचावर एक. आमच्या वर्कशॉपमधली नवीन मुलं आधी कंटाळतात, मग त्यांनाही ते आवडायला लागतं.

एक प्रसंग सांगते. दोन जी5 बसवून आम्ही एक विमान दिलं. आठवड्याने मालक परत आले. दिवसा दिशा बरोबर, संध्याकाळी सात-आठ अंश चुकते. दोन दिवस मी पॅनेलमध्ये शोधत होते. चूक पंखात होती. दिशा ओळखणारा मॅग्नेटोमीटर पंखात बसतो. त्याच्याजवळच्या झाकणाला एक स्टीलचा स्क्रू लागला होता, आणि शेजारून नेव्हिगेशन दिव्याची वायर जात होती. दिवे लावले की दिशा सरकायची. स्क्रू पितळेचा केला, वायर लांबून नेली, प्रश्न संपला. ती चाचणी मी विमान देण्याआधी सगळे दिवे लावून करायला हवी होती. तेव्हापासून मी ती कधी चुकवलेली नाही. तुम्हीही विमान परत ताब्यात घेताना समोर उभं राहून करून घ्या : एकेक दिवा, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर), फ्लॅपची मोटर चालू-बंद करायची आणि दिशेवर नजर ठेवायची.

स्वतः काम करण्याबद्दल : मेकॅनिकच्या देखरेखीखाली तुम्ही नक्की हात लावू शकता. सीट काढणं, आतलं प्लॅस्टिक सोडवणं, जुनी वायर ओढून काढणं यात मजुरीचे बरेच तास जातात आणि ते तुमचे वाचतील. पण आधी विचारा, सगळ्या वर्कशॉपना ते चालत नाही. इंटरनेटवर जे स्वस्त दिसतं ते घरी बांधलेल्या एक्सपेरिमेंटल विमानांसाठी आहे. आतलं यंत्र तेच असलं तरी सर्टिफाइड विमानात बसवायची परवानगी त्याच्याबरोबर येत नाही. ते घेऊ नका. काम झाल्यावर विमानातल्या मोठ्या बदलाची नोंद करणाऱ्या फॉर्म 337 ची एक प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे, दुसरी एफएएकडे ओक्लाहोमा सिटीला जाते. नवीन वजन-तोलाचा कागद आणि मॅन्युअलची पुरवणीही घ्या. ढगातून उडणार म्हणजे अल्टिमीटर-स्टॅटिकची, म्हणजे उंचीमापक आणि त्याला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या नळ्यांची, तपासणी दर 24 महिन्यांनी. ट्रान्सपॉन्डरची तर एरवीही तितक्याच महिन्यांनी. नळ्या आणि वायर पुन्हा जोडून झाल्या की विमान वर्कशॉपमध्ये असतानाच दोन्ही उरकून घ्या.

आणि विमान विकताना हे पैसे परत येतील या हिशेबाने खर्च करू नका. निम्मे निघाले तरी खूप.

प्रश्न : माझे बाबा 71 वर्षांचे आहेत, न्यू जर्सीत राहतात. तीस वर्षं तेच 1968 चं पायपर चेरोकी उडवताहेत. भाऊ आणि मी मिळून त्यांना वाढदिवसाला सगळं पॅनेल ‘ग्लास’, म्हणजे काट्यांऐवजी स्क्रीनचं, करून द्यायचं ठरवतोय, न सांगता. आई म्हणते, ते गोंधळतील. काय करावं? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या दोघांचं प्रेम पत्रात दिसतं. पण न सांगता करू नका. तीस वर्षं बाबांची नजर त्या सहा काट्यांवरून एका ठरलेल्या वाटेने फिरते आहे. वेगाचा काटा घड्याळात किती वाजल्यासारखा दिसतो यावरून त्यांना कळतं, आकडा ते वाचतही नसतील. तो काटा जाऊन सरकत्या आकड्यांची पट्टी आली की ती वाट पुन्हा शिकावी लागते.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या मंडळाने, 2010 मध्ये 2002 ते 2006 या काळात बनलेल्या आठ हजारांहून जास्त छोट्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्लास पॅनेलच्या विमानांना एकूण अपघात कमी होते, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त होतं. त्यांनी भर दिला तो त्या-त्या यंत्राच्या प्रशिक्षणावर. म्हणून आईंचं म्हणणं मनावर घ्या.

माझा सल्ला असा की वेग आणि उंचीचे काटे आहेत तसेच ठेवा. फक्त व्हॅक्यूमवरचं होरायझन काढून त्याच गोल भोकात बसणारं गार्मिनचं इलेक्ट्रॉनिक जीआय 275 लावा. चेहरा गोलच राहतो आणि पंपाची भीती जाते. त्याआधी ज्या मित्राच्या विमानात ते आहे तिथे बाबांना शेजारी बसवून एक तास नेऊन आणा. त्यांनी स्वतः ‘हवं’ म्हटलं तरच पुढे जा, आणि उरलेल्या पैशातून इन्स्ट्रक्टरबरोबर चार-पाच तास द्या. एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. टॅब्लेटवर एडीएस-बीमधून येणारं पावसाचं चित्र पंधरा-वीस मिनिटं जुनं असू शकतं, बाजूला आकडा लहान दिसत असला तरी. वादळाच्या दोन ढगांमधून वाट काढायला ते चित्र वापरायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा.

प्रश्न : मी महाराष्ट्रात फ्लाइंग शिकते आहे. अमेरिकेचं ‘वास’ आपल्याकडे नाही, मग जीपीएसने उतरणं वगैरे शिकून उपयोग काय? आणि आधी गोल काटे शिकावे की स्क्रीन? – एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, आपल्याकडे ‘गगन’ आहे, वाससारखीच भारताची यंत्रणा. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून ती उभी केली. जीसॅट मालिकेतल्या उपग्रहांवरून तिचा सिग्नल येतो. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या एलपीव्हीने उतरलं. म्हणजे ह्यूस्टनच्या वाचकांना सांगितलेली एलपीव्हीची मूळ पद्धत तुलाही उपयोगी आहे.

काटे की स्क्रीन, तर तुझ्या क्लबच्या विमानात जे आहे ते आधी. मात्र एक काम रोज कर. उड्डाण नसेल तेव्हा इन्स्ट्रक्टरची परवानगी घेऊन उभ्या विमानात बस. मास्टर स्विच बंद आहे ना ते बघ, डोळे मिट आणि हाताने एकेक गोष्ट शोध : अल्टरनेटरचा स्विच, स्टॅटिकचा पर्यायी नॉब, रेडिओचा आवाज, स्क्रीन काळा करून पुन्हा चालू करायचं बटण. चुकलीस तर डोळे उघड, हात मांडीवर ठेव आणि पुन्हा पहिल्यापासून.