सीलिंगचे सांधे दिसतायत? रोलर खाली ठेव

मित्रा, रंगाचा आणखी एक हात मारून जिप्सम बोर्डांमधले सांधे लपणार नाहीत. रात्री टॉर्च सीलिंगला जवळजवळ टेकवून आडवा धर, सावली पडेल तिथे पेन्सिलने खूण कर. सांध्यावर चिकटवलेली टेप सुटली असेल तरच कापून नवी लाव. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने रंगाची चकाकी घालव आणि जॉइंट कंपाउंड, म्हणजे सांधे भरायची पुट्टी, ओढ. सांध्याच्या उंचवट्यावर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना, फूटभर, पातळ. नवखे इथेच फसतात: उंचवटा घासत बसतात आणि टेपच फाडतात. नाशकात पावसाळ्यात थर वाळायला दिवस पुरत नाही, घाई करू नकोस. मग २२० ने हलकं घासून प्राइमर, आणि अख्ख्या सीलिंगला मॅट रंग. नुसतं ठिगळ मारलंस तर खिडकीच्या उजेडात हमखास दिसणार.