बसच्या शेवटच्या थांब्यावर उतर

कोल्हापूर

प्रिय पोरी,

तुझा फोन आला तेव्हा मी रंकाळ्यावर फिरत होतो, वाऱ्यात धड ऐकू येईना. सीएसआरच्या, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाच्या, टेबलावर बसवलं आणि पहिल्याच आठवड्यात ‘मार्चच्या आत पैसे खर्च व्हायला पाहिजेत, प्रस्ताव आण’ असं साहेब म्हणाले, एवढं कळलं. मार्चचं शेवटी सांगतो. आधी दुसरं बोलू.

कायदा तू वाचला असशीलच. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के. कंपनी जिथं आहे तो परिसर आधी बघा, असंही त्यात आहे. घोळ होतो तो या ‘परिसर’ शब्दात. कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीच्या गेटवर उभं राहिलं की समोरचं गाव म्हणजेच परिसर वाटतो. मग त्याच गावच्या शाळेला एक कंपनी बाकं देते, दुसरी रंग देते, तिसरी रंगावर रंग देते. आणि तुमची माणसं राहतात कुठं? कोण मुरगूडकडून येतो, कोण शिरोळ तालुक्यातून, कोण पार निपाणीकडून. त्यांची गावं साहेबांच्या नकाशात नसतात, बसच्या रूटमध्ये असतात.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट सांगतो, कारण ती अजून मला सलते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३, हे आपल्याकडं पोराटोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला, शहराचं निम्मं जगणं थांबलं. आमच्या कंपनीनं किट वाटायचं ठरवलं : बिस्किटं, चादरी, मेणबत्त्या, वर कंपनीचं नाव. मी स्वतः ट्रकबरोबर गेलो. छावणीत आमच्याच मशीन शॉपचा एक जण भेटला. किट हातात घेतलं आणि म्हणाला, ‘साहेब, बिस्किटं लई झाली. म्हसरांला वैरण मिळंल का?’ पाणी उंबऱ्याला लागलं तरी माणसं घर सोडत नव्हती, ती दावणीच्या जनावरांपायी. हे त्याला ठाऊक होतं, आमच्या मिटिंगमध्ये कुणालाच नव्हतं.

खरी शरम पुढं आहे. महिनाअखेरीला मस्टर माझ्यासमोर आलं. पुरात अडकलेल्यांचे सगळ्यांचे खाडे मांडलेले, पगार कापलेला. एका हातानं किट, दुसऱ्या हातानं कपात. त्यावर सही माझी होती. पुढच्या महिन्यात भांडून काही दिवस भरून घेतले, पण ज्याच्या घरात चिखल होता त्याला पैसे तेव्हाच हवे होते.

हे तुला का सांगतोय? फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च २ टक्क्यांत धरता येत नाही. पूर-रजा, बिनव्याजी उचल, घर साफ करायला ४ दिवसांची सूट, यातलं काहीच सीएसआरच्या अहवालात दाखवता येत नाही, म्हणून तुझ्या खात्यातलं कुणी सुचवणार नाही. एचआरवाले म्हणतील, हे सीएसआरचं काम. या दोन टेबलांच्या मधल्या फटीत माणूस पडतो. तू पावसाळ्याआधी एचआरच्या साहेबांकडं जा आणि हे लेखी ठरवून घे. फोटो निघणार नाही त्याचा, निघू नये.

कामगारांनी रविवारी गावात जाऊन केलेल्या कामाचेही पैसे लावून खर्चात दाखवता येत नाहीत. तरी ते काम सोडू नकोस. एका गावात आम्ही शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं होतं. फीत कापली, नारळ फोडला. वर्षाच्या आत बंद. वीजबिल कुणी भरायचं हे ठरलंच नव्हतं आणि फिल्टर बदलायचा कुणाला माहीत नव्हता. आमच्या मेंटेनन्सचा एक फिटर त्याच गावचा, रोज त्या यंत्रावरून जायचा. त्याला आम्ही विचारलंच नव्हतं. नंतर त्यानंच ग्रामपंचायतीला बिलाचं कबूल करायला लावलं आणि सुट्टीदिवशी बसून यंत्र चालू केलं.

दसरा चौकातून जाताना ती जुनी बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, बघतेस ना? शाहू महाराजांनी १९०१ पासून जागा दिल्या, अनुदानं दिली, पण चालवायचं काम त्या त्या समाजाच्या लोकांवर सोपवलं. आमच्या यंत्राचं घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

गावातलं तरुण मंडळ किंवा तालीम तुझ्याकडं चेक मागायला येईल. त्यांना गोड बोलून सांग : पैसे संस्थेमार्फत द्यायचे तर ती संस्था सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदलेली लागते. स्पर्धेच्या बॅनरवर कंपनीचं नाव झळकवायला दिलेले पैसे तर जाहिरातीचे, सीएसआरचे नव्हेत. रागावतील. नेत्याचा फोनही येईल. नियमाचा कागद टेबलावरच ठेव.

आता मार्च. काम एका वर्षात उरकणारं नसेल तर बोर्डाकडून ते चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्या. मग त्यासाठी ठेवलेले आणि खर्च न झालेले पैसे ३० एप्रिलच्या आत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या ३ वर्षांत वापरता येतात. साहेबांना हे माहीत असेल, फक्त तो ठराव लिहायचा कंटाळा असतो. तू लिहून ने.

आणि या महिन्यात फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये बसत जा, दर खेपेला वेगळा रूट. शेवटच्या थांब्यावर उतर, चहा पी, डेअरीवर संध्याकाळचं दूध घालायला बायका येतात तिथं थांब. परतीची सोय तेवढी आधी बघून ठेव, त्या बाजूला शेवटची एसटी लवकर सुटते. पहिल्यांदा शिरोळचा रूट घे. त्या मशीन शॉपवाल्याला निरोप देऊन ठेवतो, तो स्टँडवर येईल.

तुझा,
काका