न्यूझीलंडच्या डेअरी फार्मवर यायचं म्हणताय? आधी दूध कुणाच्या नावावर, ते विचारा

तुमचा प्रश्न असा: संगमनेरजवळ बारा एचएफ गायी, डेअरीचा डिप्लोमा, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या साउथलँडमधल्या चारशे गायींच्या एका कौटुंबिक फार्मवर नोकरी मिळतेय, तीन-चार वर्षांत कॉन्ट्रॅक्ट मिल्कर (किलोमागे ठरलेल्या दराने दूध काढून देणारा ठेकेदार) आणि पुढे स्वतःच्या गायी असं मालक म्हणतो. यावं का?

व्हिसाचे प्रकार सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते इथे उगाळत नाही. कागदांचं एकच सांगतो, कारण त्यात माणूस विनाकारण अडकतो. अनुभवाचा पुरावा मागतात आणि घरच्या गोठ्याला पगारपत्रक नसतं. सातबारा वडिलांच्या नावावर, संकलन केंद्राच्या वहीत तुम्ही 'बापू', पासपोर्टवर भलतंच नाव. तेव्हा दहा दिवसांची दूधबिलं, कृत्रिम रेतनाच्या पावत्या, जनावरांचा विमा, गोठ्याच्या कर्जाची कागदपत्रं हे सगळं तारखेनुसार लावा, नावाच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करा आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. संस्थेच्या सचिवाकडून पत्र घेताना 'दुग्धव्यवसाय करतात' एवढ्यावर भागवू नका. किती गायी, मशीनने धारा की हाताने, वासरं कोण सांभाळतं, किती वर्षं, हे लिहून घ्या. इतकं करूनही तेच कागद पुन्हा मागतील. चिडून उपयोग नाही, तरी चीड येतेच.

आता काम. इथे दावण नाही, गोठा नाही. गायी बारा महिने उघड्यावर आणि सगळ्या एकदमच वितात. साउथलँडला साधारण १ ऑगस्टला सुरुवात होते, सहा आठवड्यांत बहुतेक कळप वितो. मेअखेर सगळा कळप आटवतात. म्हणजे जून-जुलैत दुधाचा थेंब नाही. तुम्हाला दर दहा दिवसांनी बिल घ्यायची सवय आहे. इथे दर लिटरचा नसतो, फॅट आणि प्रोटीन मिळून जे किलो भरतात त्यांचा असतो. हंगाम १ जून ते ३१ मे. आधी उचल देतात आणि बाकीचे पैसे पुढचा हंगाम सुरू झाल्यावर तुकड्यातुकड्यांनी येतात.

विण्याच्या दिवसांत पहाटे चार-साडेचारला उठायचं. दिवसातून दोनदा वासरं गोळा करायची, नाळेला आयोडीन लावायचं आणि पहिल्या काही तासांत वजनाच्या दहा टक्के तरी चीक पोटात गेलाच पाहिजे. आईचा नंबर तिथल्या तिथे लिहा. संध्याकाळी आठवून लिहिणाऱ्याच्या नोंदी हमखास चुकतात आणि दोन वर्षांनी त्याच कालवडीचा बाप कोण यावरून वाद होतो. व्यायलेल्या गाईचं दूध आठ धारा होईपर्यंत टाकीत जात नाही. गाय बसली, मान वळवून पोटाकडे टाकली, कान गार लागले की कॅल्शियम कमी झालंय असं समजा. बाटली कोमट करून हळूहळू द्या. शिरेतून घाईने दिलीत तर हृदय बंद पडतं. दिल्यावर गाईला छातीवर बसती ठेवा, आडवी पडू देऊ नका, पोट फुगतं. मॅग्नेशियमची पूड रोज गवतावर टाकायची असते. पावसात ती धुऊन जाते आणि नेमक्या त्याच दिवशी गायी कोसळतात.

सगळ्यात महागडी चूक मात्र धारेच्या वेळी होते. औषध दिलेल्या गाईच्या पायाला लाल पट्टी बांधली नाही, बदली माणसाने ती चांगल्या गायींत पिळली, की अख्खी टाकी वाया, वर दंड. पट्टी बांधल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही, एवढा नियम पाळा. थंड करण्याचंही तसंच: धार सुरू झाल्यापासून चार तासांत १० अंशांच्या आत, आणि धार संपल्यापासून दोन तासांत किंवा सुरू झाल्यापासून सहा तासांत, जे आधी होईल तोवर ६ अंशांच्या आत दूध आलं पाहिजे.

गवताचं गणित शिकलात तर मालक तुम्हाला सोडणार नाही. गायी आत सोडताना हेक्टरी ३,००० किलो ड्राय मॅटर (गवतातलं पाणी सोडून उरणारं वजन), बाहेर काढताना १,५०० शिल्लक. चारशे गायींना प्रत्येकी १६ किलो म्हणजे रोज ६,४०० किलो, म्हणजेच सव्वाचार हेक्टर. वसंताच्या सुरुवातीला, म्हणजे इथे ऑगस्टअखेर, गवत वाढत नाही, तेव्हा पोट भरावं म्हणून जास्त जागा दिलीत तर सप्टेंबरात शेत उघडं पडतं आणि मुरघास विकत आणावा लागतो. नफा तिथेच गळतो. हिवाळ्यात (इथला जून-जुलै) फॉडर बीट, म्हणजे चाऱ्याचं बीट, असेल तर पहिल्या दिवशी एक किलोपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. कुंपणाची विजेची तार नीट नसेल आणि गायी रात्रीत आत घुसल्या तर पोटात आम्ल होऊन मरतात. सकाळी पहिलं काम म्हणजे तारेत करंट आहे का ते पाहणं.

खोंडांचं बोलणं टाळता येत नाही. नको असलेली वासरं पूर्ण चार दिवसांची झाली, नाळ सुकली, खूर घट्ट झाले की ट्रकने कत्तलखान्याला जातात, आणि शेवटच्या दुधानंतर चोवीस तासांच्या आत त्यांचं सगळं आटोपायचं असा नियम आहे. काही गायींना हेरफर्डसारख्या मांसल जातीचं रेतन करतात, ती वासरं पाळायला विकली जातात. ट्रकमध्ये चढवायचं काम नव्या माणसाकडेच येतं. आपल्याकडे खोंडांना बाजार किंवा रस्ता दाखवतात हे तुम्हालाही माहीत आहे, त्यामुळे इथल्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला फारसा नाही. तरी त्या दिवशी मी आजही गेटकडे पाठ करून काम करतो. तुम्हाला हे जमणार नसेल तर तसं आत्ताच मालकाला सांगा, ऑगस्टमध्ये नको.

पैशाकडे येऊ. पगार वर्षाचा ठरतो, पण किमान वेतनाचा हिशेब वर्षभराच्या सरासरीवर चालत नाही, प्रत्येक पगारकाळात तो बसावा लागतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये किमान वेतन तासाला २३.५० न्यूझीलंड डॉलर होतं. तेच धरून पाहा: ६५,००० वार्षिक म्हणजे पंधरवड्याला २,५००. विण्याच्या दिवसांत पंधरवड्यात १२० तास भरले तर किमान वेतनच २,८२० होतं. वरचे ३२० मालकाने द्यायचे असतात. तास स्वतःच्या वहीत लिहा.

'कॉन्ट्रॅक्ट मिल्कर' हे बढतीसारखं ऐकू येतं, पण तिथून तुम्ही नोकर उरत नाही, धंदेवाले होता. चारशे गायी, प्रत्येकीचं हंगामात ४०० किलो फॅट-प्रोटीन, म्हणजे १,६०,००० किलो. किलोला १.४० डॉलर धरले तर २,२४,०००. यातून एक पूर्णवेळ माणूस आणि हंगामातली मदत ९०,०००, वीज २३,०००, धारेच्या मशीनचं रबर आणि धुण्याची रसायनं १२,०००, मोटरसायकली, गाडी, डिझेल २५,०००, विमा, अपघात लेव्ही, अकाउंटंट १०,०००. उरले ६४,०००, कर भरण्याआधी आणि तेही नवराबायको दोघांचे मिळून. आकडे फार्मगणिक बदलतील, मांडणी बदलणार नाही. दूध दहा टक्क्यांनी घटलं तर २२,४०० गेले, खर्च तसाच. हातात ४१,६००. पगारी हर्ड मॅनेजर (कळप सांभाळणारा नोकर) यापेक्षा निवांत झोपतो. शिवाय १५ टक्के जीएसटी तुमच्या खात्यात पडून असतो, तो तुमचा नव्हे. पहिल्या वर्षी आयकर भरावा लागत नाही म्हणून लोक गाडी घेतात; दुसऱ्या वर्षी मागचा कर आणि चालू वर्षाची आगाऊ रक्कम एकदम येते. पहिल्या महिन्यापासून कराचं वेगळं खातं काढा. शेअरमिल्कर म्हणजे दुधाच्या पैशात वाटा घेणारा; ज्याच्या वाट्याला गायी मालकाच्याच असतात अशा शेअरमिल्करला कायद्याने किमान अटींचं संरक्षण आहे, कॉन्ट्रॅक्ट मिल्करला ते नाही. जे कागदावर आहे तेवढंच तुमचं.

खरी कमाई निम्म्या वाट्याच्या शेअरमिल्किंगमध्ये, जिथे गायी तुमच्या आणि जमीन मालकाची. गाय २,००० डॉलरला धरली तर चारशे गायींचे आठ लाख. निम्मा दूधपैसा किलोला ८ डॉलरच्या दराने ६,४०,००० होतो. पण फॉन्टेराचा (इथली मोठी दूध सहकारी संस्था) किलोचा दर पाहा: २०१३-१४ ला ८.४०, २०१५-१६ ला ३.९०, २०२४-२५ ला १०.१६. ३.९० ला तुमचा वाटा ३,१२,०००, आणि त्याच वर्षी गाईची किंमतही पडते, म्हणजे बँकेकडचं तारण आटतं. स्वतःची गाय म्हणजे बचत, हे आपल्याकडचं गणित कर्जाच्या गाईला लागू पडत नाही. म्हणून चढत्या दराच्या वर्षी कळप घ्यायची घाई करू नका. आणि जमिनीचा विषय रेसिडेन्सीच्या (कायम राहण्याच्या परवानगीच्या) आधी काढूच नका.

बायकोचं काम हा या धंद्यातला सगळ्यात दुखरा भाग. वासरं तीच सांभाळते: ऐंशी-नव्वद कालवडी, दोन वेळचं दूध, बादल्या धुणं, हगवण लागलेली वेगळी काढणं. जाहिरातीत 'जोडपं हवं' असतं आणि पगार एकाचाच. तिच्या व्हिसावर कामाची परवानगी आहे का ते बघा, असेल तर तिचा वेगळा करार, वेगळे तास. तुमच्या गोठ्यावरही ती फुकट राबते, हे इथे आल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतं.

मुलीचं जरा लांबण लावतो, कारण आमच्या घरी ही जखम ओली आहे. शाळेचं वर्ष जानेवारीअखेर-फेब्रुवारीत सुरू होतं, आणि फार्मवरच्या नोकऱ्या बदलतात १ जूनला, दुसऱ्या सत्राच्या मध्यात. नोकरी बदलली की शाळा बदलली. घर नोकरीबरोबरचं असतं, नोकरी सुटली तर चौदा दिवसांच्या नोटिशीवर घरही जातं. वर्ग वयानुसार मिळतो. इंग्रजीत गप्प राहणाऱ्या मुलाला खालच्या वाचनगटात टाकतात आणि कधीकधी गणितही त्याच गटाबरोबर शिकवतात. व्यवहारी अपूर्णांक येणाऱ्या मुलाने वर्षभर बेरजा केल्या, तर तो आळशी होतो, आणि मग शाळा म्हणते मूल मागे आहे. पहिल्याच आठवड्यात गणिताची वेगळी चाचणी मागा, गावची वही दाखवा, इंग्रजीच्या जादा तासांना शाळेला निधी मिळतो तो मागितला का विचारा. नम्रपणे, पण लेखी. आपण 'सर म्हणतील तसं' करत बसतो, तिथेच वर्ष जातं. बस आठवी इयत्तेपर्यंत शाळा ३.२ किलोमीटर किंवा जास्त लांब असेल तरच. ती मोठ्या रस्त्यावर थांबते आणि नेमकी धारेची शेड धुण्याच्या वेळी येते. कोण सोडणार ते आधी ठरवा.

एकटेपणाचं सगळे विचारतात. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती येतो तेव्हा गायी वीत असतात, दिवाळीत रेतन चालू असतं, कुठलंच मंडळ जवळ नाही. त्या दिवसांत काही वाटायला वेळच नसतो. जानेवारीत, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो तेव्हा वाटतं. यावर औषध माझ्याकडे नाही.

मालकाला लेखी विचारा: कळपाला लेप्टोची (गाईकडून माणसाला होणारा लेप्टोस्पायरोसिस) लस आहे का, शेड हेरिंगबोन (तिरप्या रांगांची) की रोटरी (फिरत्या चकतीची), माणसं किती आणि मागचा माणूस का गेला, सुट्टीचा आलटपालट कसा, घरात हीटपंप आहे का, मागच्या तीन हंगामांचं किलोत उत्पादन किती. मागचा माणूस का गेला याचं उत्तर गुळमुळीत आलं तर त्या माणसाचा नंबर मागा. करार हाती आला की पानं इथे टाका, वाचून सांगतो. जुलैअखेरच्या आत टाका, ऑगस्टात मी फोन उचलत नाही.