आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली वरची फुटबॉल लीग) परदेशी खेळाडू आणखी कमी केले तर भारतीय स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारे, तयार होतील का? आणि हंगामाच्या मध्यात क्लब नवे खेळाडू कसे घेतात?

नाही होणार. निदान तेवढ्यानं तरी नाही.

२०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा एका वेळी मैदानात सहा परदेशी चालायचे. २०१७ ला पाच झाले, २०२१ पासून चार. तरी नऊ नंबरची, म्हणजे स्ट्रायकरची, जर्सी बहुतेक क्लबांत परदेशी माणसाच्याच अंगावर. चारच जागा असतील तर कुठला कोच त्यातली एक लेफ्ट बॅकवर घालवेल? तो स्ट्रायकर, स्टॉपर (मधला बचावपटू) आणि मधल्या फळीतला खेळाडू बाहेरून आणणार, आपली पोरं विंगला नाहीतर फुलबॅकला. कोटा अजून कमी करा, पहिली जागा स्ट्रायकरचीच भरली जाईल.

आपलं पोरगं परदेशी खेळाडूपेक्षा कागदात जास्त अडकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात घडलंय म्हणून सांगतो.

आम्ही कोल्हापूरचे. इथं केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या पेठेच्या संघातून फुटला यावर कट्ट्याकट्ट्यावर भांडणं होतात, म्हणजे साइनिंग हा प्रकार आम्हाला कुणी शिकवायला नको. माझा पुतण्या स्ट्रायकर. शाहू स्टेडियमवर पेठेकडून खेळताना एका व्यावसायिक क्लबच्या माणसाच्या नजरेत भरला (क्लबचं नाव लिहीत नाही), ट्रायल झाली, तीन वर्षांचा करार झाला. गल्लीत फटाके. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळून पुढे जमशेदपूर, हैदराबादकडून उतरला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक बापाला वाटतं पुढचा नंबर आपल्याच पोराचा. आमच्या दादालाही वाटलं.

पहिलं वर्ष राखीव संघात बरं गेलं. दुसऱ्या वर्षी नवा कोच आला, सोबत दोन परदेशी फॉरवर्ड. पोरगं बेंचवरसुद्धा नाही. जानेवारीत विंडो, म्हणजे खेळाडू बदलायची ठरावीक मुदत, उघडली तेव्हा खालच्या डिव्हिजनचा एक संघ त्याला लोनवर, म्हणजे करार आमच्याच क्लबशी ठेवून काही काळापुरता, न्यायला तयार होता. आमचा क्लब रोज ‘आज पाठवतो, उद्या पाठवतो’. शेवटच्या रात्री कागद निघाले, त्यावर एक सही नव्हती. विंडो बंद!

नुसतं बेंचवर बसणं परवडलं असतं. भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत तुम्ही ज्या क्लबच्या नावावर आहात, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून अधिकृत सामना खेळता येत नाही. पोरगं सुट्टीला घरी आलं, पेठेचा सामना होता, आणि हा गॅलरीत बसून शिट्ट्या मारतोय. विशीतल्या स्ट्रायकरचा अर्धा हंगाम असा जातो.

मी त्याच जानेवारीत दादाला म्हणत होतो, परस्पर संमतीनं करार मोडून घे. फिफाचा नियम असा आहे: नोंदणी विंडोतच करायची, पण विंडो बंद होण्याआधी ज्याचा करार संपलाय अशा मोकळ्या व्यावसायिक खेळाडूला नंतरही नोंदवता येतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. जानेवारीत ट्रान्सफर आणि लोन, त्यानंतर जी साइनिंग दिसते ती बहुधा अशा मोकळ्या खेळाडूची, फ्री एजंटची.

दादा म्हणाला, “बसून का होईना, पगार येतोय. करार मोडलेल्या पोराला कोण विचारतं?” विचारत होते ना! लोनवर न्यायला आलेलेच घेऊन गेले असते. करार संपला तेव्हा मात्र खरंच कुणी विचारलं नाही, कारण दीड वर्षात त्याला खेळताना कुणी पाहिलंच नव्हतं. आता परत पेठेकडून खेळतो, गोलही मारतो.

तुमच्या घरात कुणी सही करणार असेल तर पगाराच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचारा. सामने मिळाले नाहीत तर लोनवर सोडणार का, आणि सोडायचं ठरलं तर कुठल्या तारखेपर्यंत. उत्तर करारात लिहून घ्या, तोंडी नको. कराराचे शेवटचे सहा महिने राहिले की दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करता येतो, तो काळ झोपेत घालवू नका.

हां, मोडून घे म्हणजे दोघांच्या सह्यांनी. एकतर्फी मोडायला जाऊ नका. २०२४ मध्ये मोहन बागानशी करार तोडून ईस्ट बंगालकडे निघालेल्या अन्वर अलीवर फेडरेशनच्या समितीनं चार महिन्यांची बंदी आणि कोटींची भरपाई लावली होती, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तो भारताकडून खेळणारा बचावपटू होता म्हणून निभावलं. शिवाय लीगचे नियम हंगामागणिक बदलतात, २०२५ मध्ये तर लीगच रखडली, तेव्हा चालू नियमावली बघूनच काय ते ठरवा.

दादा अजून सगळ्यांना सांगतो, त्या दोन परदेश्यांनी पोराची जागा खाल्ली. तो हे वाचेलच. मैदानात चारऐवजी तीन परदेशी चालत असते तर त्या लोनच्या कागदावरची सही आपोआप झाली असती का, एवढंच त्यानं सांगावं.